पहिली रांग

मित्र एका छोट्या थिएटरात लाइट्स सांभाळतो. नवं नाटक, कोरी संहिता, विषय वंश आणि कुटुंब. त्याने प्रेमाने माझ्यासाठी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरून ठेवली होती. हे प्रेम मला महागात पडलं.

खुर्च्या एकूण 38. न्यूयॉर्कच्या हिशेबात 100 ते 499 खुर्च्यांचं थिएटर ऑफ-ब्रॉडवे, त्याहून लहान ते ऑफ-ऑफ-ब्रॉडवे. इथे आणखी दोन-तीन ‘ऑफ’ जोडावे लागले असते. रंगमंचाला उंची नव्हती, पडदा नव्हता. जमिनीवर चिकटपट्टीची एक रेघ. पलीकडे साल 2000 मधलं अमेरिकेतलं घर, अलीकडे प्रेक्षक. माझा उजवा बूट त्यांच्या स्वयंपाकघरात होता.

घरात बाळ जन्मलेलं, आणि टेबलावर जनगणनेचा फॉर्म. वंशाच्या रकान्यात एकाहून जास्त चौकोनांवर खूण करायची मुभा अमेरिकेत त्याच वर्षी पहिल्यांदा मिळाली होती. बाळाची आजी गोरी, आजोबा कृष्णवर्णीय. लग्न 1967 चं. त्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी उठवली, तोवर 16 राज्यांत असं लग्न बेकायदा होतं. आजोबा म्हणतात, “कोर्टाने परवानगी दिली. तुझ्या आईने कुठे दिली?” वाक्य झकास. पण हसायचं की गंभीर व्हायचं? गाजलेल्या नाटकात हशाच्या जागा ठरलेल्या असतात, नव्या नाटकात प्रेक्षकही तालमीलाच बसलेला असतो. सगळे श्वास रोखून. मी तर खोकलाही रोखलेला. दोन हातांवर माणूस रडत असताना खोकणार कसं? खिशात गोळी होती, पण तिचा कागद त्या शांततेत फटाक्यासारखा वाजला असता.

मग आजोबांची बहीण बाळ बघायला आली. दुपटं बाजूला सारलं, बाळाचा कान चिमटीत धरला आणि म्हणाली, “आत्ताच्या रंगावर जाऊ नका. कानाची पाळी बघा, पुढे हाच रंग येणार.”

मी फुटलो. खोकला आणि हसू एकदमच बाहेर आलं. अहो, ही आमची मावशी! माझ्या बारशाला तिने माझा कान असाच धरून भविष्य वर्तवलं होतं, आणि ते तंतोतंत खरं ठरलं. (उन्हात फार हिंडतो म्हणून असं झालं, असं आई अजून सांगते.) उरलेले 37 जण माझ्याकडे बघत होते. रंगमंचावरची आत्याही बघत होती, आणि बाळसुद्धा, जे प्लॅस्टिकचं होतं.

नाटक संपताच पळायचं ठरवलं होतं. पण ‘नाटकानंतर चर्चा’ असते, आणि बाहेर जायचा एकमेव दरवाजा त्या स्वयंपाकघरातून होता. टाळ्या थांबतात न थांबतात तोच लेखिका खुर्ची ओढून समोर बसली. आमचे गुडघे जवळजवळ टेकले.

“तुम्ही कानाच्या वाक्याला हसलात,” ती म्हणाली. “का?”

कुणीतरी मागून समजूतदारपणे म्हणालं, “अस्वस्थतेतून येतं असं हसू.” बऱ्याच माना हलल्या. ही पळवाट चांगली होती, पण मावशीला असं अस्वस्थता म्हणून खपवणं जिवावर आलं. सांगून टाकलं. मावशी, कान, भविष्य, ऊन, सगळं.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग दुसऱ्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, “आमच्याकडे नखांच्या कडा बघतात.” त्यांच्या शेजारचे गृहस्थ स्वतःचा कान चाचपत होते. लेखिका भराभर वहीत लिहीत होती.

“पुढच्या प्रयोगाला मावशींना घेऊन या ना,” ती निघताना म्हणाली. “पहिल्या रांगेत बसवू.”

मावशीला रेघबिघ काही कळत नाही. बाळ दिसलं की ती सरळ आत शिरणार, आणि कान धरणार. मी मित्राला विचारलं, मागची रांग मिळेल का?