'एका आंघोळीत पिसवा गायब' हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: कुत्र्या-मांजराला भांडी घासायच्या लिक्विडने आंघोळ घाला, पाण्यात व्हिनेगर टाका, जेवणात रोज लसणाची पाकळी द्या, अंगाला टी ट्री ऑइल चोळा, घरात मीठ भुरभुरा, ३ दिवसांत पिसवा संपतात, डॉक्टरची औषधं म्हणजे विष, आणि मांजर घरातच राहत असेल तर काहीच करायला नको. ह्यातल्या दोन गोष्टींनी प्राण्याचा जीव जाऊ शकतो म्हणून एकेक मुद्दा घेते.

आंघोळीचं थोडं खरं आहे. नुसत्या पाण्यात पिसू सहज बुडत नाही, साबणाच्या पाण्यात बुडते आणि मरते. पण अंग वाळलं की साबणाचा असर संपला, त्यानंतर सोफ्यातून जी नवीन पिसू उडी मारून अंगावर येते ती काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालते. शिवाय खाजवून खाजवून आधीच सोललेली कातडी त्या लिक्विडने अजून कोरडी पडते. त्यापेक्षा बारीक दातांची फणी घ्या, रोज फिरवा आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाका.

आता '३ दिवस'. माझा खरा राग ह्यावर आहे, कारण ह्यामुळेच लोक उपाय अर्धवट सोडतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते, आणि उवांच्या लिखा कशा केसाला चिकटून बसतात तशी ही चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात, म्हणजे प्राणी जिथे झोपतो तिथे सगळ्यात जास्त. त्यातून निघालेल्या अळ्या उजेडापासून लांब पळतात, सोफ्याच्या घडीत, फरशीच्या फटीत, गालिच्याच्या तळाशी जाऊन बसतात आणि मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्तच, खाऊन वाढतात. मग कोष. तो चिकट असतो, त्याला धूळ-केस चिकटतात त्यामुळे दिसतही नाही आणि फवाऱ्याचं औषध आत नीट पोचत नाही. आत तयार झालेली पिसू महिनोन्‌महिने वाट बघत बसू शकते. जमीन हादरली, ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते. म्हणून बरेच दिवस बंद असलेल्या घरात पाय ठेवला की घोट्यांना एकदम चावे बसतात आणि लोक म्हणतात, अहो घरात प्राणीच नव्हता, ह्या आल्या कुठून!

थोडक्यात अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकी सगळं घरात. त्यामुळे घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध, आणि ते किमान ३ महिने न चुकता. त्यांची अंथरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची, व्हॅक्यूम एक दिवसाआड, कोपरे आणि सोफ्याच्या फटी धरून, कचरा लगेच घराबाहेर. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि औषधाच्या तावडीत सापडतात हा त्याचा वेगळा फायदा. घरात फवारायचं असेल तर मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन असलेलं बघा, ते अंडी आणि अळ्यांची वाढ थांबवतं. फवारा वाळेपर्यंत प्राणी आत नकोत आणि माशांची टाकी आधीच दुसऱ्या खोलीत न्या.

लसूण अजिबात देऊ नका, प्लीज. लसूण-कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, मांजरांच्या तर जास्तच. त्रास बऱ्याचदा काही दिवसांनी दिसतो त्यामुळे लसणाचा संबंध कोणाच्या डोक्यातच येत नाही. आणि पिल्लाच्या अंगावर भरपूर पिसवा असल्या तर त्याचं रक्त आधीच कमी झालेलं असतं, त्यावर हे!

टी ट्री ऑइलचंही तेच. कातडीतून शिरतं, चाटल्यावर पोटात जातं, मग लाळ गळणं, तोल जाणं, अंग थरथरणं. झाडापासून काढलंय म्हणून ते सौम्य होत नाही.

व्हिनेगरने पिसवा मरत नाहीत, विषय संपला. मीठ गालिच्यात खोलवर जात नाही, पंजे चाटणाऱ्या प्राण्याच्या पोटात मात्र जातं.

'औषधं म्हणजे विष' ही भीती मला समजते, कारण चुकीचं औषध खरंच विष ठरतं. आमच्या घरी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब उरले होते, मी त्यातले दोन मांजराला लावले. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक होतं. मांजराचं यकृत ते नीट पचवू शकत नाही. रात्री ती थरथरायला लागली, मग झटके. वाचली, पण ती रात्र मी विसरू शकत नाही. असं कधी झालं तर, झटके येत नसतील तर, कोमट पाणी आणि तेच भांड्यांचं लिक्विड वापरून थेंब धुऊन काढा आणि लगेच डॉक्टरकडे पळा, सकाळची वाट बघू नका. तसंच फिप्रोनिल हे पिसवांचं औषध सशाला चालत नाही. आणि फ्लुरालानर, अफॉक्सोलानर ह्या गटातल्या औषधांनी काही प्राण्यांना झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये दिलाय, म्हणून आधी कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना सांगा. ह्याचा अर्थ औषध टाळा असा नाही, वजन, वय आणि प्राणी बघून दिलेलं घ्या असा आहे.

राहिली घरातली मांजर. पिसवा आपल्या कपड्यांवरून येतात, दुसऱ्या प्राण्यावरून येतात, आधीच्या भाडेकरूच्या प्राण्याने सोडलेल्या कोषांतून येतात. मांजर अंग इतकं चाटते की पिसू दिसतच नाही, ती गिळलेली असते, आणि त्यातूनच पोटात टेपवर्म (पट्टीसारखा चपटा जंत) होतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर ते जंताचे तुकडे. आज एक करून बघा: पांढरा टिश्यू ओला करा, मांजराला त्यावर उभी करून कमरेपासून शेपटीकडे फणी फिरवा. काळे कण पडले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांनी प्यायलेलं तुमच्या मांजराचं रक्त आहे.