सोड म्हटलं ना!

आमचा बंड्या लॅब्राडोर. वजन ३२ किलो, स्वभाव लग्नघरातल्या मामासारखा, दिसेल त्याच्या गळ्यात पडणार. शेजारच्या काकू एकदा बोलून गेल्या, "याला थेरपी डॉग करा की! दवाखान्यात जाऊन पेशंटना जरा बरं वाटायला लावेल." काकू गेल्या, पुढचं मी भोगलं.

ट्रेनरबाईंनी पहिल्याच दिवशी स्मोकीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या खाटांवर बसून त्यांचं मन रमवणारी यॉर्कशायर टेरियर, वजन जेमतेम दोन किलो. मी बंड्याकडे पाहिलं. हा खाटेवर चढला तर पेशंटला पुन्हा भरती करावं लागेल.

थेरपी डॉगला करामती येऊन उपयोग नाही, काही न करणं जमलं पाहिजे. अंगावर उडायचं नाही, व्हीलचेअरला बुजायचं नाही, परक्यानं कान ओढला तरी गुरगुरायचं नाही. आणि खाली पडलेलं तोंडात घ्यायचं नाही, कारण दवाखान्यात ती कुणाची तरी गोळी असू शकते.

आवाजाच्या सरावाला बाईंनी मागून स्टीलचं ताट आपटलं. बाकीचे कुत्रे दचकले. बंड्या शेपूट हलवत ताटाकडे धावला. आमच्या स्वयंपाकघरात ताट पडलं की सोबत पोळीही पडते, एवढं त्याला पक्कं ठाऊक. मग मालकानं ३ मिनिटं नजरेआड व्हायचं होतं. बंड्या ढिम्म बसून राहिला. मीच दाराआडून चारदा डोकावलो. बाई म्हणाल्या, "सर, स्टे!"

घरच्या सरावाला पेशंट म्हणून बाबांना बसवलं. गुडघ्याच्या ऑपरेशनचा वॉकर माळ्यावर होताच. बाबा भूमिकेत असे शिरले, की पहाटे टेकडी चढून येणारा माणूस दहा वाजता "माझा डॉक्टर कुठाय?" म्हणत कण्हायला लागला. बंड्याही त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवून अर्धा अर्धा तास निश्चल. मला भरूनच आलं. फॅमिली ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला.

परीक्षेत ताट, वॉकर, कान, सगळं पार पडलं. शेवटी परीक्षक स्वतः पेशंट होऊन खुर्चीत बसले. बंड्यानं त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवली, क्षणभर वाट पाहिली आणि पँटच्या उजव्या खिशात डोळ्यांपर्यंत नाक खुपसलं.

"तीन महिन्यांनी या," परीक्षक खिसा आत ढकलत म्हणाले.

घरी आलो. बाबा आरामखुर्चीत वाटच बघत होते. बंड्यानं हनुवटी टेकवली. बाबांचा हात सवयीनं पायजम्याच्या उजव्या खिशात गेला आणि मारी बिस्किट घेऊन बाहेर आला.

"सोड!" मी ओरडलो.

बिस्किटाचं एक टोक बाबांच्या चिमटीत, दुसरं बंड्याच्या दातांत. दोघांनीही सोडलं नाही.