अण्णांची गस्त आणि माझा कॉम्प्युटर

आमच्या सांगलीच्या घरात रात्री साडेदहाला अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गस्त सुरू होते. जिन्यातला दिवा, टीव्हीचं बटण, कुणी चार्जर तसाच लावून ठेवला असेल तर तोही. माझ्या खोलीत मात्र ते फक्त दिवा मालवतात. कॉम्प्युटरला हात नाही. "त्यात तुझं कामाचं असतं, राहू दे." आणि तो राहायचा. चार वर्षं, रात्रभर, स्क्रीनवर रंगीत फुगे उडवत.

मी घरून तिघाचौघा दुकानदारांचे हिशेब बघते. सकाळी सगळ्या फायली उघड्याच मिळाव्यात, एवढाच माझा स्वार्थ. शिवाय स्क्रीनसेव्हर लावला की वीज वाचते, अशी माझी भाबडी समजूत! ते फुगे जुन्या डबा-मॉनिटरच्या काचेवर चित्राचा डाग पडू नये म्हणून निघालेले. विजेशी त्यांचा संबंध नाही. मॉनिटर पूर्ण चालूच असतो.

मे महिन्यात बिल 300 युनिटच्या वर गेलं. (सगळं बिल महाग होत नाही, 300 च्या वरचे युनिटच पुढच्या दराने लागतात. पण तेही झोंबतातच.) मग सॉकेटमध्ये लावायचा, किती वीज खेचली जाते ते दाखवणारा छोटा वॉट-मीटर मागवला. मी काहीही करत नसताना मशीन 52 आणि मॉनिटर 22, म्हणजे 74 वॉट. रात्री दहा ते सकाळी नऊ, महिनाभर धरा, चोवीसेक युनिट होतात. अण्णा ज्या 9 वॉटच्या दिव्यासाठी जिना उतरतात, तसले आठ दिवे माझ्या टेबलावर रात्रभर जळत होते.

इथे लोक पॉवर प्लॅन, म्हणजे विंडोजची वीज वापरायची सेटिंग, बदलायला धावतात. बॅलन्स्डचा पॉवर सेव्हर केला की पुण्य मिळालं! मीही केला. रिकामं बसलेल्या डेस्कटॉपवर मीटरचा आकडा जेमतेम हलला. खरी वीज जाते ती आपण खुर्चीत नसताना. म्हणून दोनच गोष्टी केल्या: पाच मिनिटांनी स्क्रीन बंद, पंधरा मिनिटांनी स्लीप. स्लीपमध्ये मीटर 3 वर येतो, आणि सकाळी फायली जिथल्या तिथे.

पहिल्याच आठवड्यात पहाटे लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच म्हातारी, आणि सेव्ह न केलेली अख्खी शीट गायब. अण्णा म्हणाले, "बघ, म्हणून मी हात लावत नव्हतो." पण चूक स्लीपची नव्हती, माझी होती. स्लीपमध्ये सगळं रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतं, वीज गेली की पुसलं जातं. डेस्कटॉपवर विंडोज त्याची एक प्रत डिस्कवरही ठेवू शकते, त्याला हायब्रिड स्लीप म्हणतात. मी मागे एका व्हिडिओत बघून सहा-सात जीबी जागा मोकळी करायला हायबरनेट (उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करायची सोय) बंद केलेलं. त्याबरोबर हायब्रिड स्लीपही गेलं होतं. जागा वाचवली आणि शीट घालवली! दोन्ही परत चालू केलं. नंतर दोनदा लाईट गेली, फायली शाबूत.

मधेच मशीन आपोआप उठायचं. टेबलाला धक्का लागला की माऊस हलतो, माऊस हलला की हे जागं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसला कॉम्प्युटर उठवायची जी परवानगी असते, ती काढली.

आता राहिले अण्णा. स्लीपमध्ये बटणावरचा दिवा मिचमिचतो, तो त्यांना खपत नाही. पहाटे पाणी प्यायला उठले की बंद करायला म्हणून बटण दाबतात, पंखा घुं करतो, स्क्रीन उजळते, आणि मला हाक येते, "अगं, हे उठलं बघ!" कालच त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे.