‘जिफारने फक्त बाटली बदलली’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

फ्रेंच संशोधक पॉल जिफार यांच्या वायुपिस्तुलावरील (दारूऐवजी वायूच्या दाबाने गोळी सोडणाऱ्या पिस्तुलावरील) माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे: “गिरांदोनीने शंभर वर्षे आधी हवेची बंदूक केली होती. जिफारने फक्त बाटली बदलली, एवढेच. इकडून तिकडून उचलण्याआधी थोडा अभ्यास करावा.” शंका घेण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे, परंतु ज्याच्याशी आपली ओळखदेखील नाही, त्याच्या अभ्यासाचा निकाल तीन वाक्यांत लावून मोकळे होणे याला मी टीका समजत नाही. हीच शंका सरळ शब्दांत आली असती, तर उत्तर द्यायला मला आनंदच झाला असता.

गिरांदोनीला मी एका वाक्यात आटोपले, त्याला अधिक जागा देता आली असती, एवढे मान्य करतो. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी घडवलेली त्याची बंदूक, तिचे एकामागून एक गोळ्या पुरवणारे नळकांडे आणि दस्त्याच्या जागी बसवलेली हवेची टाकी, हे सारे आजही थक्क करते. पण त्या टाकीत पंपाने कोंबलेली हवा होती. ती भरायला हजाराहून अधिक वेळा पंप मारावा लागे आणि प्रत्येक गोळीबरोबर दाब उतरत जाई, म्हणजे पहिली गोळी ज्या जोराने सुटे, त्या जोराने विसावी सुटत नसे.

जिफार स्वतः 1860 च्या दशकात पंपाच्याच बंदुका करत होते. 1890 च्या आसपास त्यांच्या गॅसच्या बंदुका व पिस्तुले आली, तेव्हा नळीखालच्या सिलिंडरमध्ये हवा नव्हती, द्रवरूप कार्बन डायऑक्साइड होता. हा वायू द्रवरूप करता येतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी 1823 मध्येच दाखवले होते. त्याच्यावर गोळी चालवता येईल, हे जिफार यांनी दाखवले. चाप ओढला की घोडा, म्हणजे आतली हातोडी, झडपेवर आदळतो, क्षणभर थोडा वायू सुटतो, आणि जेवढा सुटला तेवढा आतल्या द्रवातून पुन्हा तयार होतो. द्रव शिल्लक आहे तोवर 20 अंश तापमानाला आतला दाब वातावरणाच्या सुमारे 57 पट राहतो, सिलिंडर भरलेला असो वा निम्मा. आपण ज्याला बाटली बदलणे म्हणता, त्यात दाब टिकवण्याचे तत्त्वच बदलले आहे.

आणि अभ्यासाचेच विचारत असाल, तर मी अनेक वर्षे नेमबाजीच्या रेंजवर गॅसचे पिस्तूल चालवले आहे. छोटा सिलिंडर आधी फ्रीजमध्ये गार करायचा, मग मोठ्या सिलिंडरला जोडून भरायचा, भरल्यावर तराजूवर तोलायचा आणि जास्त झालेला वायू सोडून द्यायचा, कारण काठोकाठ भरलेला द्रव उन्हात फुगला की धोका असतो. पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी त्याच पिस्तुलाचे पेलेट (शिशाचे छर्रे) टार्गेटवर खाली उतरलेले मी पाहिले आहेत. शून्य अंशाला हा दाब 35 पटींच्या आसपास येतो, आणि भराभर गोळ्या झाडल्या तरी सिलिंडर हाताला गार लागून जोर कमी होतो. हवेच्या टाकीवर थंडीचा एवढा परिणाम होत नाही. दोन्ही एकच असती, तर हा फरक आला कुठून, ते आपणच सांगावे.

जिफार यांचा सिलिंडर संपला की भरण्यासाठी कारखान्याकडे परत पाठवावा लागे, ‘म्हणून शोध फसला’, हा आपला पुढचा आक्षेप. पण अमेरिकेत क्रॉसमन या कंपनीने 1950 च्या दशकात वापरून टाकून देण्याच्या 12 ग्रॅमच्या नळ्यांवर चालणारी पिस्तुले विकली, ती जिफार यांच्याच तत्त्वावर. छायाचित्रे आणि लेखाची लांबी यांविषयीच्या शेऱ्यांत मला वेळ घालवायचा नाही. झडपेविषयी किंवा दाबाविषयी काही विचारायचे असेल, तर जरूर लिहावे. माझ्या अभ्यासाविषयी पुन्हा लिहिलेत, तर मी उत्तर देणार नाही.