दवाखान्यामुळे बाळंतिणी वाचल्या? अर्धंच खरं

मातामृत्यूंवरच्या लेखातलं ते "बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं आणि मातामृत्यू घटले" हे वाक्य काही पटलं नाही बुवा. इंग्लंडचंच बघा, 1902 ला मिडवाइफ कायदा आला, प्रशिक्षित सुइणी आल्या, दवाखाने वाढले, बालमृत्यूही चांगले खाली आले, पण मातामृत्यू मात्र 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपासच अडकून होते. आणि डॉक्टर परवडणाऱ्या घरातल्या बायकाही काही कमी मरत नव्हत्या, उगाच घाईघाईने चिमटा (बाळ ओढून काढायचा फोर्सेप्स) लावणारे डॉक्टर काय कमी होते!

खरा घोळ बाळंतज्वराचा, म्हणजे बाळंतपणात जंतू शिरून येणाऱ्या तापाचा. डॉक्टर डोरा कोलब्रुक यांनी 1935 ला दाखवलं की त्याचा जंतू, स्ट्रेप्टोकॉकस, बऱ्याचदा डॉक्टर-नर्सच्याच घशातून यायचा, म्हणजे नुसते हात धुऊन भागणार नव्हतं. मग 1936 ला त्यांचे भाऊ लिओनार्ड कोलब्रुक यांनी लंडनच्या क्वीन शार्लट हॉस्पिटलमध्ये प्रॉन्टोसिल हे सल्फा गटातलं जंतुरोधक औषध वापरलं आणि तिथून पुढे आकडे धडाधड पडले. मी लेबर रूममध्ये नोकरी केलीय, मास्क नाकाखाली आला तरी आमच्या सिस्टर ओरडायच्या, तेव्हा कटकट वाटायची. लेखात सल्फाचं नावसुद्धा नाही, कमाल आहे.