‘टोटल वेस्ट’? सोलापुरात?

सिनेमा पडला, टोटल वेस्ट. मोबाइल तापतो, टोटल वेस्ट. क्लासची फी भरूनही पोरगं नापास, तेही टोटल वेस्ट. बाकीच्या गावांनी खुशाल म्हणावं. पण पूर्व भागात गल्लोगल्ली माग खडखडतात त्या सोलापुरात वेस्ट म्हणजे माल. पोत्यात भरून किलोवर विकतात.

टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेले रूळ, असतात. एक ताठ, त्याचं मूळ कापड होतं. दुसरा सैल, त्यातून फुगीर लूप उठतात आणि त्याला कापडाच्या लांबीच्या कितीतरी पट सूत लागतं. वार्पिंगला, म्हणजे बीमवर सूत भरताना, हा हिशोब चुकला की एक बीम संपतो आणि दुसऱ्यावर सूत शिल्लक राहतं. हिशोब बरोबर असला तरी वहिफणीच्या, म्हणजे उभे धागे ज्यातून ओवतात त्या चौकटींच्या, मागचा सुताचा शेवटचा तुकडा विणता येत नाही. धोट्यातल्या आडव्या सुताच्या कांडीवरही दोन-चार वेढे राहतातच. मध्येच सूत संपून कापडात फट पडू नये म्हणून ते ठेवावेच लागतात.

आता यातलं ‘टोटल’ काय? सूतगिरणीतला पेळू, म्हणजे सूत कातण्याआधीची कापसाची सैल वात, तुटला तर त्याला पीळ नसतो, तो सरळ पुन्हा कापसात मिसळतो. पीळ बसलेलं सूत मात्र यंत्रात फाडून मोकळं करावं लागतं. त्यात तंतू तुटून आखूड होतात, म्हणून त्यातून बारीक सूत निघत नाही, जाडंभरडं निघतं. पांढऱ्याला भाव जास्त, कारण त्यावर हवा तो रंग चढतो. उरलेल्या गुंत्याचे बोळे गॅरेजात तेल पुसायला जातात.

खरं दुखणं भाषेचं आहे. मराठीत वाया जाण्याचा दोष कुणाचा तेही शब्दातच येतं. कांदा ओलाच गोणीत भरला, आतल्या आत तापून सडला, तर ती नासाडी. भरणाऱ्याचा कान धरता येतो. लग्नात ऐपतीबाहेर मंडप घातला, ती उधळपट्टी. अवकाळीनं उभं पीक झोपवलं तर कष्ट मातीत गेले, तिथं कुणालाच बोल नाही. ‘टोटल वेस्ट’मध्ये हे तिघेही एका माळेचे मणी. म्हणूनच तो शब्द इतका सोयीचा वाटत असावा, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही!

बरं, मागवाल्यालाही हे लागू आहे. कांडीवरचे वेढे राहिले, ठीक. ती मागाची रीतच. वार्पिंगचा आकडा चुकला, तो आकडा घालणाऱ्याचा दोष. आणि मागाखालचा तेलकट गुंता आळसानं पांढऱ्या सुताच्या पोत्यात कोंबला, तर घेणारा तोंडाशीच मूठ घालून बघतो आणि अख्ख्या पोत्याला तेलकटाचा भाव लावतो.