'ईडीआर सक्तीचे' हा मेसेज खोटा

जळगाव एमआयडीसीतले डाळमिलवाले आणि रावेरकडचे केळी व्यापारी यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: "प्रत्येक जीएसटीधारकाला ईडीआर सॉफ्टवेअर सक्तीचे, नाही घेतले तर दंड." असा कुठलाही नियम नाही. (ईडीआर म्हणजे पीसीवरचा सायबर हल्ला ओळखून रोखणारे सुरक्षा सॉफ्टवेअर.)

मूळ गोष्ट वेगळी आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, लॉग (सिस्टीमवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपा, असे त्यात आहे. अमुक सॉफ्टवेअर विकत घ्या, असे नाही. त्या सहा तासांचा धाक दाखवून कुणीतरी माल खपवतोय, असा माझा कयास.

मग ईडीआर बिनकामाचे का? तसेही नाही. साधा अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीचा व्हायरस पकडतो. ईडीआर पीसीवरच्या हालचाली बघते. बिलाच्या नावाने आलेल्या एक्सेल फाईलने गुपचूप पॉवरशेल (विंडोजमधले आदेश चालवायचे साधन) चालू केले, की ते ईडीआरला खटकते आणि तेवढा पीसी नेटवर्कपासून तोडता येतो. पण रात्री दोनला आलेला अलर्ट बघणार कोण? डीलरला आधी हे विचारा, दर नंतर. मालक आठवड्यातून एकदा उघडतो त्या ईमेलवर अलर्ट जाणार असेल, तर पैसे पाण्यात.

टॅलीचा एकच पीसी असेल तर आधी बॅकअप घ्या, आणि बॅकअपची हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा. लावलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाईली लॉक करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) तीही लॉक करते. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.